शेवटून दुसरा

ज्या गावात तालमींच्या नावाने फुटबॉलचे संघ आहेत, त्या कोल्हापुरात ऑफसाइड म्हणजे काय असे विचारणे हा जवळजवळ सामाजिक गुन्हा आहे. त्यामुळे शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसून मी वर्षानुवर्षे चारचौघांच्या सुरात ‘ऑफसाइड!’ असे ओरडत आलो, आणि ओरडण्यासाठी नियम ठाऊक असावा लागतो अशी अट मला कोणी घातली नाही.

पेच आला तो २२ नोव्हेंबर २०२२ रोजी. विश्वचषकात अर्जेंटिनाने सौदी अरेबियाविरुद्ध एक गोल केल्यावर पहिल्याच अर्ध्यात आणखी तीन वेळा चेंडू जाळ्यात मारला आणि तिन्ही गोल ऑफसाइड म्हणून रद्द झाले. तिसऱ्यांदा मी ‘पण का?’ असे म्हणून बसलो, आणि शेजारी बसलेल्या भाच्याला कंठ फुटला.

‘मामा, सोपं आहे,’ तो म्हणाला. (सोपे असलेले काहीही या वाक्याने सुरू होत नाही.) आघाडीचा खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानात, चेंडूच्याही पुढे आणि शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्याही पुढे असला, तर तो ऑफसाइडच्या जागी असतो. शेवटून दुसराच का, असे विचारल्यावर ‘शेवटचा बहुधा गोलकीपर असतो’ असे उत्तर मिळाले. हा ‘बहुधा’ मोठा घातकी निघाला. दोनच दिवसांपूर्वी, सलामीच्या सामन्यात, कतारचा गोलकीपर पुढे धावून आल्यामुळे मागे एकच बचावपटू उरला होता आणि इक्वेडोरचा तिसऱ्या मिनिटाचा गोल त्यापायीच रद्द झाला होता. त्यातही १९२५ पर्यंत दोनऐवजी तीन प्रतिस्पर्धी मोजत असत आणि बरोबरीच्या रेषेत उभ्या असलेल्याला १९९० पासून निर्दोष मानू लागले, ही माहिती मी मागितली नव्हती.

त्याहून विलक्षण गोष्ट अशी की नुसते त्या जागी उभे राहणे हा गुन्हाच नाही, तिथून खेळात भाग घेणे हा गुन्हा. पंगत बसण्याआधी पानाशेजारी घुटमळणाऱ्याला कोणी हटकत नाही, जिलबीला हात लागला की मात्र यजमानाचे लक्ष जाते, तसे हे आहे. शिवाय थ्रो-इन, कॉर्नर आणि गोल-किक यांवरून थेट आलेल्या चेंडूला ही भानगड लागू नाही. आणि सगळा हिशेब पास पोहोचतो तेव्हाचा नसून तो दिला जातो त्या क्षणाचा. म्हणजे लाइनमनने, मैदानाच्या कडेने झेंडा घेऊन धावणाऱ्या सहायक पंचाने, पास देणाऱ्याचा पाय आणि पलीकडे धावणाऱ्याचा देह, दोन्ही एकाच वेळी पाहायचे. देवाने डोळे दोन दिले असले तरी ते एकाच दिशेला लावले आहेत, त्यामुळे लाइनमनविषयी माझ्या मनात त्या दिवसापासून अपार करुणा आहे. कतारमध्ये त्याच्या मदतीला छताखाली बारा कॅमेरे होते, प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरील २९ बिंदू ते सेकंदाला पन्नास वेळा टिपत होते, आणि चेंडूच्या पोटातले यंत्र सेकंदाला पाचशे वेळा आपली खबर देत होते. माझ्याकडे फक्त भाचा होता.

एक गोल तर नुसता खांदा पुढे होता म्हणून रद्द झाला. हात मोजत नाहीत, खांदा मोजतात. मग हात सुरू कुठे होतो? नियमावली सांगते की काखेच्या खालच्या टोकाच्या पातळीपासून. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण फुटबॉलच्या पंचांना इतकी तंतोतंत लागू पडेल, असे वाटले नव्हते.

सौदीचे बचावपटू पास सुटण्याच्या बेतात असताना एकसाथ पुढे सरकत होते, हे मला उत्तरार्धात दिसू लागले. स्वतः पळून जायचे आणि जागेवर असलेल्याला गुन्हेगार ठरवायचे, ही युक्ती मला तरी कार्यालयीन वाटली. सौदीने ४८ व्या आणि ५३ व्या मिनिटाला गोल करून सामना २-१ असा जिंकला, आमची गल्ली सुन्न झाली, आणि मी मात्र नियम कळल्याच्या आनंदात एकटाच हसत होतो, जे कोणालाच आवडले नाही.

आता नामवंत माजी फुटबॉल प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांची सूचना अशी आहे की खेळाडूचा गोल करू शकणारा कोणताही अवयव बचावपटूच्या रेषेत असला, तरी तो ऑफसाइड धरू नये. ही बातमी भाच्याच्या कानावर जाऊ नये, याची मी घरात काळजी घेतो.