न घातलेल्या बर्फाचे पैसे

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्यापासून लांब बसायला मिळालं, तर बाईने खरं म्हणजे खूश व्हावं. पण ते तिचं तिने ठरवलेलं असावं. हाँगकाँगमधल्या एका वेटरने हनुवटीने ठरवलेलं नसावं. ह्यांनी दारात दोन बोटं दाखवली. वेटरने हनुवटी एकदा उजवीकडे उडवली, एकदा डावीकडे. उजवीकडे हे, डावीकडे मी. ह्यांना पाठीला उंच लाकडी टेकू असलेला ऐसपैस बाक मिळाला, समोर तीन शाळकरी पोरी. मला मिळालं पंख्याखालचं गोल टेबल, त्यावर एक आजोबा, एक मोबाइलवाली मुलगी आणि आजोबांची छत्री. छत्रीला खुर्ची होती. मला स्टूल.

आमचा मुलगा तिथे नोकरीला आहे, आम्ही त्याच्याकडे गेलो होतो, आणि ‘एकदा जुन्या पद्धतीच्या चा चान तेंगमध्ये, म्हणजे इथल्या स्वस्त चहा-खाण्याच्या दुकानात, न्याहारी कराच’ असं सांगून तो ऑफिसला पळाला होता. एवढी प्रस्तावना पुरे. मी सगळं खाते, त्यामुळे परदेशातल्या शाकाहाऱ्यांचं रडगाणंही इथे नाही. इथलं रडगाणं वेगळं आहे.

बसल्या बसल्या वेटरने समोर फिक्कट, कोमट चहाचा ग्लास आदळला. प्रवासाने घसा कोरडा पडलेला, मी हात पुढे केला, तेवढ्यात आजोबांनी ग्लास स्वतःकडे ओढला. माझा चमचा आणि काटा त्यात बुडवले, ढवळले, निथळले, कागदी रुमालावर ओळीने मांडले आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मला आंघोळ घालून पावडर लावलीय. चहाने खळबळून न घेतलेल्या भांड्यांवर तिथल्या जुन्या लोकांचा विश्वास नसतो, हे मला ठाऊक होतं. पण चमचा माझा होता हो. तहानही माझीच होती.

‘‘इंडिया?’’ आजोबांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

‘‘हॉट,’’ ते म्हणाले. हे भारताबद्दल होतं, चहाबद्दल होतं की माझ्या घामाबद्दल, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

वेटर आला. मी मेनूवर बोट ठेवून हॅम घातलेलं मॅकरोनीचं सूप, अंडं, टोस्ट आणि बर्फाचा लिंबू चहा मागवला. त्याने चिठ्ठीवर तीन फराटे मारले. पूर्ण नावं लिहायला तिथे कुणाला वेळ नसतो. बर्फाच्या लिंबू चहाला नुसतं ‘सीओटी’ लिहितात. तो वळतोय तोच आजोबांनी पेपरातून मान वर काढली आणि त्याच्या पाठीवर दोन शब्द फेकले. वेटरने न वळताच चिठ्ठीवर चौथा फराटा मारला.

मी मोबाइलवाल्या मुलीकडे पाहिलं. तिचं इंग्रजी उत्तम होतं, पण ती फक्त अप्रिय गोष्टींचं भाषांतर करायची.

‘‘त्यांनी तुमच्या चहातला बर्फ काढायला सांगितलाय.’’

‘‘का?’’

तिने विचारलं. आजोबांनी उत्तर दिलं. ते बरंच लांबलं, त्यात हाताने घसा, छाती, पोट आणि एकदा थेट माझी कंबर दाखवून झाली. मुलीने सारांश दिला, ‘‘तुमचं वय झालंय, म्हणतात.’’

आता पाहा. बाहेर जूनची दमट गदगद, आत एसी इतका की दात वाजावेत. म्हणजे बर्फ हवा की नको, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल, हे मी कबूल करते. पण बोलायचं मी. शिवाय ज्या जातीचं हे दुकान, तिचे पूर्वज म्हणजे ‘बिंग सट’. महायुद्धानंतरच्या हाँगकाँगमध्ये थंडगार पेयं, आइसक्रीम, बर्फात घातलेला लाल घेवडा आणि सँडविचं विकणाऱ्या ह्या जागा. त्यांच्या परवान्यात भाताचं जेवण बसत नसे. बर्फावर ज्यांची घराणी उभी राहिली, त्या दुकानात मला बर्फ नाही!

चहा आला. उंच ग्लास, काठोकाठ, तळाशी लिंबाच्या चकत्या, आणि तापमान गंगाजलाच्या गडूसारखं. मी लांब दांड्याचा चमचा उचलणार, तोच तो आजोबांच्या हातात होता. लिंबू असं हलकेच दाबायचं नसतं, त्याला ठेचायचं असतं, हे त्यांनी माझ्या ग्लासात ठेचून दाखवलं. चहा टेबलावर सांडला, थोडा माझ्या ओढणीवर. मग त्यांनी चमचा मला परत दिला आणि भुवया उंचावल्या. मी ‘म्-गोय’ म्हटलं. कँटनीजमधला एवढा एकच शब्द मुलाने शिकवला होता. तो ‘कृपया’लाही चालतो, ‘आभारी आहे’लाही, आणि ‘अहो, जरा सरका’लाही. मला तिन्ही म्हणायचं होतं.

आजोबांचा पेपर घोड्यांचा होता. बुधवार होता, आणि बुधवारी रात्री हॅपी व्हॅलीच्या मैदानावर शर्यती असतात. पानभर आकडे, हातात लाल पेन, तोंडात टूथपिक. मॅकरोनी येईपर्यंत काहीतरी संबंध सुधारावेत म्हणून मी त्या पानाकडे पाहून हसले. त्यांनी लगेच पेपर माझ्याकडे फिरवला आणि एका शर्यतीवर पेन टेकवलं.

‘‘कुठलाही एक आकडा सांगा, म्हणतायत,’’ मुलगी म्हणाली.

मला एकदम भरून आलं. परका देश, अनोळखी म्हातारा, आणि माझ्या हातगुणावर एवढा भरवसा! मी डोळे मिटले, कुलदैवत आठवलं आणि म्हटलं, ‘‘सात.’’

आजोबांनी सात नंबरच्या घोड्यावर लाल काट मारली.

मग दुसऱ्या शर्यतीवर पेन टेकवलं. मी गप्प बसले. त्यांनी पेन वाजवलं. मी ‘अकरा’ म्हटलं. अकरावर काट. तिसरी शर्यत. आता मी मुद्दाम फसवायचं ठरवून छापलेल्या फोटोतला सर्वांत मरतुकडा घोडा निवडला. त्यावरही काट, पण आधी थोडं थांबून, खेदाने. मी मुलीला विचारलं, हे काय चाललंय? तिने मोबाइलवरून नजरही न काढता सांगितलं, ‘‘जिंकायचा घोडा शोधणं अवघड असतं. हरायचे आधी काढून टाकतात.’’

बारा घोडे धावतात तिथे एका शर्यतीत, फार तर. त्यातला नेमका हरणारा ओळखायला माझा उपयोग होतो, हे ह्या माणसाने माझ्याकडे पाच मिनिटं पाहून ताडलं. माझ्या सासूबाईंना याला वर्ष लागलं होतं.

मॅकरोनीबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पातळ, खारट सूप, त्यात मऊ नळ्या, वर हॅमच्या पट्ट्या. आजाऱ्याचं अन्न वाटावं असं, आणि तरी संपवलं मी ते. एकेकाळी हॉटेलांतलं साहेबी जेवण सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होतं. ह्या दुकानांनी त्याची स्वस्त आवृत्ती काढली. ताजं दूध महाग, तर डब्यातलं आटवलेलं दूध चहात घाला. सिलोनच्या दोन-तीन जातींची चहापूड एकत्र करून कापडी पिशवीतून पुन्हा पुन्हा ओतून गाळा. पिशवीला असा रंग चढतो की बायकांच्या रेशमी मोज्याची आठवण व्हावी. चहा कॉफीत मिसळा. गरिबीतून आलेली अक्कल आहे ही, आणि मला तिचा मनापासून आदर आहे. सरकारलाही आहे. हाँगकाँगच्या अमूर्त वारशाच्या निवडक वीस गोष्टींची यादी 2017 साली झाली, तीत हा दुधाचा चहा करण्याची कला आहे. वेटरचा तिरसटपणा यादीत नाही. तो बहुधा पुढच्या यादीत येईल, कारण त्याचं जतन फार जोरात चालू आहे.

माझा खरा राग इथे आहे. हे दुकान जुनं नव्हतंच. हिरव्या लोखंडी खिडक्या, जमिनीवर बारीक चौकटींची फरशी, गल्ल्यावर मणीवाली पाटी, आरशावर रंगवलेली भावपत्रकं, छताला पंखे. पंखे फिरत होते, पण वारा एसीचा होता. फुलाफुलांच्या थर्मासला किंमतीचं लेबल तसंच होतं. आणि तो हनुवटीवाला वेटर! बाविशीचा पोरगा. माझ्यासमोर ग्लास आदळून गेला आणि पलीकडच्या पोरींनी फोटो मागितल्यावर असा लाजत हसला की काय सांगू. म्हणजे त्याला येत होतं हसायला. तिरसटपणा हा त्याचा गणवेश होता. जुन्या दुकानातला म्हातारा वेटर खेकसतो, तेव्हा त्याच्या पायात गोळे आलेले असतात, दहा टेबलं वाट पाहत असतात आणि घरमालक भाडं वाढवायला टपलेला असतो. त्याचं खेकसणं मी डोक्यावर घेईन. यांचं मात्र ठरवून, शिकवून, चहात मिसळून दिलेलं. मुंबईतही हल्ली नव्या कोऱ्या ‘इराणी’ जागा निघाल्यात. वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर कुणाच्या तरी आजोबांचे पिवळट फोटो, आणि बनमस्क्याच्या किमतीत पूर्वी अख्खं कुटुंब जेवलं असतं. खऱ्या इराण्याकडे पंखा बंद पडला तर तो बंद असायचा. ह्या नव्यांकडे तो बंद पाडून ठेवायला माणूस नेमलेला असतो.

टोस्टचा शेवटचा तुकडा तोंडात होता तेव्हाच वेटरने बिल टेबलाच्या काचेखाली सरकवलं. मोबाइलवालीने मला विचारलं की मी थोडी डावीकडे झुकू शकेन का. मला वाटलं, तिला कुणाला तरी वाट द्यायची आहे. नाही. तिच्या लोण्याच्या बनच्या फोटोत माझा कोपर येत होता. त्या बनमधली थंड लोण्याची जाड चकती तोवर वितळून ताटलीत आली होती, तरी फोटो चालूच.

पैसे दारातल्या गल्ल्यावर द्यायचे. बिलात थंड पेयाचे तीन डॉलर जादा लावले होते. तिथे हे सगळीकडेच असतं, गरमपेक्षा थंड महाग.

‘‘पण बर्फ नव्हता,’’ मी म्हटलं.

‘‘थंड मागवलं होतं.’’

‘‘बर्फ काढला होता.’’

‘‘हो. बर्फ काढल्यावर चहा जास्त घालावा लागतो,’’ गल्ल्यावरची बाई म्हणाली. तिच्या दृष्टीने मी तीन डॉलरमध्ये फायद्यात होते. ‘‘आणि बर्फ काढा असं तुमच्याच टेबलावरून सांगितलं.’’

मी वळून आजोबांकडे बोट दाखवलं. त्यांनी तिथूनच हात हलवला. ओळखीच्या माणसाला हलवतात तसा, प्रेमाने.

तेवढ्यात आमचे हे आले, ढेकर देत. त्यांना चहा-कॉफीचं मिश्रण मिळालं होतं, तेही बर्फासकट, कारण त्यांच्या टेबलावर कुणालाच त्यांच्या घशाची काळजी नव्हती. शाळकरी पोरींनी त्यांच्याबरोबर फोटो काढला होता. ‘‘अगं, तीन डॉलर म्हणजे तीस-पस्तीस रुपये,’’ ते मला म्हणाले, गल्ल्यावरच्या बाईसमोर, मोठ्याने. रांगेतल्या लोकांनी माना वळवून मला नीट पाहून घेतलं. मग ह्यांनी खिशातून मेट्रोत आणि दुकानांत चालणारं तिथलं ऑक्टोपस कार्ड काढलं, ऐटीत यंत्रावर टेकवलं, आणि बाई म्हणाली, इथे फक्त रोख. जुनी पद्धत. पैसे माझ्या पर्समधून गेले.

मेट्रोत बसल्या बसल्या त्यांनी दुकानाला पाच तारे दिले. ‘वातावरण अगदी अस्सल, माणसं प्रेमळ,’ असं लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. मी रात्रीपर्यंत त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. जेवताना ते मुलाला म्हणाले, ‘‘आज आईला इथली हवा मानवलेली दिसते, कशी शांत आहे बघ.’’