"हाड जुळलं की डॉक्टरचं काम संपलं" म्हणणाऱ्यांसाठी

डॉक्टर आणि फिजिओंच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. त्याचं म्हणणं असं की जखमी कामगारांवर उपचार कसे करायचे याचं डॉक्टर-फिजिओंना वेगळं ट्रेनिंग देणं म्हणजे वेळेची नासाडी, फ्रॅक्चर कारखान्यातलं असो की बाथरूममधलं ते सारखंच, पूर्ण बरं होईपर्यंत आराम द्यायचा, कामावर घ्यायचं की नाही ते कंपनी बघेल, आणि तसेही निम्मे लोक पगारी रजेसाठी नाटक करतात. मी पुण्याजवळच्या भोसरी-चाकण कारखानदारी पट्ट्यातल्या कामगारांचे हात बघणारा फिजिओ आहे, त्यामुळे यावर गप्प बसवत नाही.

फ्रॅक्चर सारखंच? एक्स-रेमध्ये असेल. पण पॉवर प्रेसवाल्याला (पत्रा दाबून कापणारं मशीन) दिवसभर पत्रा पकडायचाय, सीएनसीवाल्याला (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) बारीक सेटिंग करायचंय, लोडिंगवाल्याला खोकी उचलायचीत, तिघांचा हात "बरा" कधी झाला याचं उत्तर वेगवेगळं येणार ना? आणि आपल्या केस पेपरवर व्यवसायापुढे काय लिहिलेलं असतं, तर "सर्व्हिस". बस्स. उजवा हात की डावा, किती वजन, उभं राहून की बसून, नाइट शिफ्ट आहे का, काहीच विचारलेलं नसतं, आणि मग त्याच माहितीवर आपण फिट सर्टिफिकेट देतो.

आरामाबद्दल तर पुरावा जुना आहे. हेलसिंकीत महानगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांवर झालेला अभ्यास 1995 मध्ये छापून आला, नुकतीच कंबर धरलेल्या 186 लोकांपैकी काहींना दोन दिवस बेड रेस्ट, काहींना व्यायाम आणि काहींना फक्त जमेल तेवढं रोजचं काम चालू ठेवा असं सांगितलं, तर रोजचं काम चालू ठेवणारे सगळ्यात लवकर सुधारले आणि झोपून राहिलेले सगळ्यात हळू. हाताचंही तेच. सुजलेला हात गळ्यात लटकवून ठेवला की बोटांचे सांधे आखडतात, आणि प्लास्टर काढल्यावर पेशंट येतो तेव्हा हाड जुळलेलं असतं पण मूठ वळत नाही. प्लास्टरमधून बाहेर असलेली बोटं पहिल्या दिवसापासून हलवा, हे सांगायला दोन मिनिटं लागतात हो! (शिवलेल्या टेंडनचं, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीचं, वेगळं, तिथे आधाराची पट्टी म्हणजे स्प्लिंट आणि ठरलेली हालचालच, मनाने नाही.)

नाटकाचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यात, कामावर जखम झाली तर तात्पुरत्या अपंगत्वाला साधारण 90 टक्के मजुरी मिळते, म्हणजे पूर्ण नाहीच, आणि त्यात यायला पगाराची मर्यादा महिन्याला 21,000 आहे. त्यावर पगार असलेला माणूस ईएसआयच्या बाहेर, त्याला भरपाईच्या कायद्याने कागदावर निम्मा पगार, तोही भांडून. माझ्याकडे येणारे बहुतेक जण उलट विचारतात, "सर, लवकर फिट लिहून द्या, नाहीतर दुसरा माणूस घेतील." ग्रिप टेस्टला (मुठीची ताकद मोजतात ती) जोर कमी लावला म्हणजे खोटं बोलतोय असं नसतं, ज्या मशीनने बोट नेलं त्याच मशीनवर परत उभं राहायची भीती असते, आणि ती भीती ओळखायला कॉलेजात शिकवत नाहीत.

कामावर परत पाठवणं कंपनीचं काम, हे अर्धंच खरं. कॅनडात क्वेबेकमध्ये 1997 साली दिसलं की उपचारासोबत कामाच्या जागेवर जाऊन तिथले बदल केले तर कंबरदुखीचे कामगार नेहमीच्या उपचारांपेक्षा सुमारे 2.4 पट लवकर नेहमीच्या कामावर परतले. ब्रिटनने 2010 मध्ये सर्टिफिकेटच बदललं, नुसतं फिट-अनफिट न लिहिता "हे बदल केले तर काम करू शकतील" असं लिहायची सोय केली. आपल्याकडे "लाईट ड्युटी" लिहून देतात, पण नेमकं काय ते लिहीत नाहीत, आणि याचा गैरफायदाही घेतला जातो, कारण जखमी माणूस 48 तास कामावर येऊ शकला नाही तर अपघात सरकारला कळवावा लागतो, मग काही ठिकाणी त्याला हाताला बँडेज बांधून कँटीनमध्ये बसवतात आणि हजेरी लावतात. ही चाल डॉक्टरला माहीत नसेल तर त्याची सही त्यातच वापरली जाते.

राहिलं ट्रेनिंग. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याने 1997 पासून टीव्हीवर मोहीम चालवली की कंबरदुखीत झोपून राहू नका, तर कंबरेसाठी कामगारांचे भरपाईचे क्लेम 15 टक्क्यांहून जास्त कमी झाले, आणि विशेष म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरांची मतंही बदलली. म्हणजे डॉक्टर शिकतात, शिकवलं तर. मुंबईत सायनच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमध्ये एएफआयएच नावाचा कामगारांच्या आरोग्याचा डॉक्टरांसाठीचा कोर्स आहे, पण तो मुख्यतः फॅक्टरी मेडिकल ऑफिसर करतात. प्रेसमध्ये गेलेला हात आधी बघणारे ऑर्थो, जीपी, आम्ही फिजिओ तिथे पोचतच नाही. डॉक्टरांना नोंदणी चालू ठेवायला महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पाच वर्षांत शिक्षणाचे 30 क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतातच, मग त्यातले थोडे यासाठी ठेवा ना. एका रविवारी तीन गोष्टी पुरतील: कामाची माहिती कशी विचारायची, सर्टिफिकेटवर "पाच किलोपर्यंत, उजव्या हाताने प्रेस नाही, दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी" असं कसं लिहायचं, आणि पेशंटच्या परवानगीने सुपरवायझरला फोन करून काय बोलायचं. भोसरीत कुणी हॉल देणार असेल तर शिकवायला मी येतो.