महाग घरांच्या खांद्यावर बसलेली स्वस्त घरे

मुंबईत घर का परवडत नाही, असे विचारले की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते: जमीन चिंचोळी, तिन्ही बाजूंना पाणी आणि माणसे फार. हे उत्तर खोटे नाही, पण सोयीचे आहे, कारण त्यात कुणाकडेच दोष जात नाही. माझे म्हणणे असे, की घरांचे भाव चढे राहावेत ही आता आपल्या गृहनिर्माण धोरणाचीच गरज होऊन बसली आहे.

१९९५ पासून झोपडपट्टी पुनर्वसनाचे सूत्र ठरलेले आहे. झोपडीधारकाला घर मोफत द्यायचे आणि त्याचा खर्च बिल्डरने त्याच भूखंडावर वाढीव एफएसआयमधून (म्हणजे नेहमीपेक्षा जास्त बांधकामाच्या परवानगीतून) बांधलेली घरे खुल्या बाजारात विकून भरून काढायचा. जुन्या उपकरप्राप्त इमारतींनाही (ज्यांच्या दुरुस्तीसाठी शासन उपकर घेते त्या भाडेकरूंच्या इमारतींनाही) थोड्याफार फरकाने हेच सूत्र लागू आहे. सरकारला तिजोरीतून काही काढावे लागत नाही, म्हणून ते सर्वच पक्षांना आवडते. मात्र ज्या दिवशी विक्रीची घरे स्वस्त होतील, त्या दिवशी मोफत घरांचे बांधकामही थांबेल. जादा बांधकामाच्या परवानगीसाठी महापालिकेला मिळणारा प्रीमियम रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जमिनीच्या दराशी बांधलेला, मुद्रांक शुल्क व्यवहाराच्या रकमेवर. म्हणजे भाव उतरण्यात शासनाचाही तोटाच.

आणि आपणही यातून सुटत नाही. पुनर्विकासाला निघालेल्या कोणत्याही सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत तासभर बसून पाहावे. कार्पेट (घरातली वापरायची जागा) किती टक्क्यांनी वाढवून मिळणार, कॉर्पस म्हणून बिल्डर एकरकमी किती देणार, तीन वर्षांचे भाडे आगाऊ की दरमहा, पार्किंग प्रत्येकाला की नाही, यावर आवाज चढतात. आमच्या सभेत तर बाल्कनीच्या रुंदीवरून अर्धा तास गेला. हे सारे ज्याच्या माथी पडणार, तो वरच्या मजल्यावर घर घेणारा अनोळखी माणूस त्या सभेत नसतो. त्याने मोजलेल्या रकमेत जमीन आणि सिमेंट-लोखंड यांच्या जोडीला जुन्या रहिवाशांची नवी घरे, पालिकेचा प्रीमियम आणि रखडलेल्या वर्षांचे व्याज असते.

यातली सर्वांत मोठी चूक मला भाड्याच्या घरांबाबत झालेली दिसते. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धोत्तर टंचाईत ते आवश्यक होते, पण तात्पुरता उपाय दशकानुदशके रेंगाळला, मालकांनी दुरुस्ती सोडली, भाड्याची जागा मिळवण्यासाठी मोठी रक्कम मोजायची पागडी फोफावली आणि भाड्यासाठी इमारत बांधणे हा व्यवसायच संपला. आज भाडेकरूच्या वाट्याला येतो तो अकरा महिन्यांचा करार, दलालाला एका महिन्याचे भाडे आणि मुले शाळेत रुळली की पुन्हा ट्रक.

सरकारने भाड्याची घरे बांधलीच नाहीत असेही नाही. १९२० च्या दशकात उभ्या राहिलेल्या बीडीडी चाळी त्याच होत्या: वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे २०७ इमारती, खोली सुमारे १६० चौरस फुटांची. आता शिवडी सोडून बाकी तिन्ही ठिकाणच्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर मोफत मिळत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. शंभर वर्षे त्या खोल्यांत काढलेल्या कुटुंबांना ते मिळावे, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण त्याबरोबर सरकारी भाड्याच्या घरांचा शहरातला एक मोठा साठा कायमचा संपतो आणि उद्या साताऱ्याहून किंवा नांदेडहून नोकरीला येणाऱ्या मुलासाठी त्या जागी काहीही उरत नाही.

म्हाडाची सोडत या मुलाच्या कामाची नाही. २०२३ च्या सोडतीत ४,०८२ घरांसाठी लाखाहून अधिक अर्ज आले आणि त्याच यादीत ताडदेवचे साडेसात कोटींच्या वरचे घरही होते.

गिरण्यांच्या जमिनींनी एक संधी दिली होती. ५८ गिरण्या, सुमारे ६०० एकर. १९९१ च्या नियमाप्रमाणे एक तृतीयांश जमीन पालिकेला मोकळ्या जागांसाठी आणि एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी मिळायची होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती उरली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली आणि परळ-लोअर परळची जी अवस्था झाली ती समोर आहे.

तेव्हा पूर्व किनाऱ्यावरील बंदराच्या जमिनीबाबत तरी वेगळे वागावे. सार्वजनिक जमीन विकू नये. तिच्यावर शासनाने किंवा पालिकेने भाड्याची घरे बांधावीत, मालकी स्वतःकडे ठेवावी, भाडे उत्पन्नाशी जोडावे आणि दर काही वर्षांनी ते तपासून वाढवावे, म्हणजे १९४७ ची पुनरावृत्ती होणार नाही. सरकार देखभाल करत नाही, हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठी भाड्यातील ठरावीक हिस्सा दुरुस्तीसाठीच राखून ठेवणे आणि त्याचा हिशेब रहिवाशांना दरवर्षी दाखवणे कायद्याने बंधनकारक करता येईल. अशी घरे पुरेशा संख्येने झाली, तर आसपासचे भाव थोडे उतरतील आणि त्यात माझ्याही फ्लॅटची किंमत कमी होईल. ते मला मान्य आहे. आमच्या सोसायटीतल्या किती जणांना मान्य होईल, याची मात्र मी खात्री देऊ शकत नाही.