प्रोटो फाईल कॉपी केली की काम संपत नाही

"प्रोटो फाईल म्हणजे नुसता मजकूर. कॉपी करा, आपल्या रेपोत टाका, झालं. सामायिक रेपो म्हणजे उगाच पसारा." सोलापुरातल्या आम्हा प्रोग्रामर मंडळींत हा मेसेज सध्या जोरात फिरतोय. मला तो साफ अमान्य आहे. (प्रोटो फाईल म्हणजे दोन प्रोग्राम एकमेकांना पाठवतात त्या माहितीचा आराखडा; रेपो म्हणजे कोड ठेवायची जागा.)

"फरक पडला तर एरर येईलच की." नाही येत. प्रोटोबफच्या, म्हणजे प्रोटो फाईलवर चालणाऱ्या पद्धतीच्या, बाइट्समध्ये फील्डचं (माहितीतल्या एका रकान्याचं) नाव नसतंच, फक्त त्याचा क्रमांक, ढोबळ प्रकार आणि किंमत असते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आम्ही दोन ओपन सोर्स प्रकल्प जोडले होते. एक यंत्रमागावरचे आकडे गोळा करायचा, दुसरा ते पडद्यावर दाखवायचा. फाईलची कॉपी दोघांकडे वेगवेगळी. पहिल्यात ४ क्रमांकावर 'धागा किती वेळा तुटला' होतं. दुसऱ्यात कुणीतरी ते काढून त्याच ४ वर 'विणलेले मीटर' बसवलं. दोन्ही इंट३२, म्हणजे पूर्णांक. हेक्समध्ये (१६ च्या पायावरच्या अंकांत) दोनच बाइट आले: २० आणि २५. २० म्हणजे चौथं फील्ड, २५ म्हणजे किंमत ३७. सदतीसदा धागा तुटलेला माग पडद्यावर सदतीस मीटर विणून मोकळा! ना एरर, ना वॉर्निंग. जिथे मजुरी कामाच्या आकड्यावर ठरते, तिथे अशी चूक विणकराच्या घरापर्यंत पोचते. फाईल एकच असती आणि फील्ड काढताना 'रिझर्व्ड ४' लिहिलं असतं, तर तो क्रमांक पुन्हा वापरताना कंपायलरनेच अडवलं असतं.

"पण कॉपी तंतोतंत असेल तर?" तरीही अडतं. गो भाषेतल्या एकाच प्रोग्राममध्ये दोन लायब्रऱ्यांनी त्याच फाईलचा आपापला जनरेट केलेला कोड आणला, की एकच नाव दोनदा नोंदवलं जातं आणि प्रोग्राम सुरू होतानाच पॅनिक होतो, म्हणजे बंद पडतो.

"अशा फाईलला कसलं लायसन्स?" असतं. वेलँड हा लिनक्सवर प्रोग्रामच्या खिडक्या पडद्यावर दाखवायचा प्रोटोकॉल; त्याच्या व्याख्यांच्या एक्सएमएल फायलींत कॉपीराइटचा टॅगच असतो. एमआयटी लायसन्सची सूचना कॉपी करताना गाळता येत नाही.

सबमॉड्यूल (गिटमध्ये एका रेपोत दुसरा रेपो जोडायची सोय) ही डोकेदुखी आहे, हे मात्र खरं. साधा क्लोन केला (रेपो उतरवून घेतला) की त्याचा फोल्डर रिकामा, आणि नवीन मुलाची अख्खी संध्याकाळ त्यात जाते. म्हणून सबमॉड्यूलच वापरा असा माझा हट्ट नाही. कॉपी ठेवा, पण ती स्क्रिप्टने आणा, कुठल्या कमिटवरची (नोंदवलेल्या आवृत्तीवरची) आहे ते शेजारी लिहा, आणि तिच्यात हाताने एक ओळही बदलू नका. बदल हवा तर मूळ रेपोत मांडा. वेलँडचे बरेच प्रोटोकॉल असेच एका वेगळ्या रेपोत राहतात. ग्नोम आणि केडीई या डेस्कटॉपांचे खिडक्या सांभाळणारे प्रोग्राम, मटर आणि केविन, एरवी स्वतंत्र, पण दोघेही तिथल्या व्याख्या घेतात.

आमची फाईलही आता एकाच रेपोत आहे. ४ क्रमांक रिझर्व्ड केलाय, मीटर ७ वर गेलेत, आणि धागा तुटल्याची नोंद ८ वर.