आधी हाड हातात द्या

हाडांवरच्या खाचा-उंचवट्यांची नावं आधी पाठ करावीत, असं हाडांची रचना कशी शिकावी यावरच्या तुमच्या लेखात म्हटलंय. मला ते पटत नाही. मी कोल्हापुरात फिजिओथेरपीच्या मुलांना शिकवतो. आधी हाड हातात द्यावं. दंडाच्या हाडावर बाहेरून, साधारण मध्यावर, खरबरीत उंचवटा लागतो, तो डेल्टॉइड ट्यूबरॉसिटी. खांद्याचा डेल्टॉइड स्नायू निमुळता होत तिथंच चिकटतो. तालमीतल्या कुठल्याही पैलवानाच्या दंडावर ती जागा स्पष्ट दिसते. या उंचवट्याच्या मागून तिरकी खाच उतरते, तीच रेडियल ग्रूव्ह. तिच्यात रेडियल नर्व्ह, म्हणजे मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंचा मज्जातंतू, हाडाला अगदी लागून असते. म्हणून तिथं हाड मोडलं की कधीकधी मनगट लुळं पडतं, पंजा वर उचलत नाही. एवढं समजल्यावर ‘रेडियल ग्रूव्ह’ कोण विसरेल? आणि लेखात आकृत्या टाकाच.