किंगजयंतीला गोड गोड बोला

यंदा आमच्या मंडळाच्या संक्रांतीला मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर बोलायला मला पाच मिनिटं दिली होती. आदल्या रात्री निरोप आला, तीनच करा. सकाळी मजकूर मागवून घेतला. दुपारी तो परत आला तेव्हा त्यातून व्हिएतनाम गेलं होतं, मेम्फिस गेलं होतं, आणि घरभाडं हा शब्द तर मुळासकट उपटला होता. उरलं होतं ते स्वप्न. ‘‘अहो, लहान लहान मुलं हलव्याचे दागिने घालून बसणार. वातावरण जड नको ना,’’ सांस्कृतिक सचिव म्हणाल्या. शिवाय कार्यक्रमाचे प्रायोजक घरं विकतात.

चूक माझीच. न्यू जर्सीत एकोणीस वर्षं काढली, पण किंगजयंती कशी करतात ते शिकलो नाही. तुमचा असा पोपट होऊ नये म्हणून अनुभवाचे चार शब्द.

सगळ्यात आधी योग ओळखा. किंग यांचा जन्म १५ जानेवारी १९२९ चा, म्हणजे ऐन संक्रांतीतला. सुट्टी जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी. हळदीकुंकू, लाँग वीकेंड आणि गाद्यांचा सेल एका खेपेत उरकतो. आणि सणाचा नियमच आहे, तिळगूळ घ्या, गोड गोड बोला. किंग हयातभर गोड बोलले नाहीत, ही त्यांची चूक आपण त्यांच्या पश्चात सुधारून घ्यायची.

भाषण एकच ठेवा, ‘माझं एक स्वप्न आहे’ हे. २८ ऑगस्ट १९६३, वॉशिंग्टन, अडीच लाख माणसं. त्या मोर्चाच्या नावातच ‘नोकऱ्या आणि स्वातंत्र्य’ असं होतं. त्यातल्या नोकऱ्या गाळा, आटोपशीर होतं. भाषणही शेवटापासून सुरू करा. सुरुवातीला ते म्हणतात की अमेरिकेने आपल्या काळ्या नागरिकांना दिलेला चेक खात्यात पैसे नाहीत म्हणून परत आलाय. स्टेजवर असं उधारी-उसनवारीचं बोलणं बरं दिसत नाही.

संक्रांतीला काळा रंग शुभ असतो. साडीत.

युद्धाचा विषय काढू नका. ४ एप्रिल १९६७ ला न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये किंग व्हिएतनाम युद्धाविरुद्ध बोलले. गरिबांसाठी ठेवलेला पैसा बॉम्बवर उडतोय आणि ज्या काळ्या पोरांना इथे गोऱ्यांच्या शेजारी शाळेत बसता येत नाही, त्यांना तिकडे गोऱ्यांच्या शेजारी मरायला पाठवतोय, असा त्यांचा मुद्दा होता. न्यूयॉर्क टाइम्स आणि वॉशिंग्टन पोस्ट दोघांनी अग्रलेखांतून झोडपलं. तुम्ही नागरी हक्कांचं बघा, परराष्ट्र धोरणात नाक खुपसू नका. थोडक्यात, वातावरण जड करू नका. त्याच्या आधीच, १९६६ च्या गॅलप पाहणीत, ६३ टक्के अमेरिकनांचं त्यांच्याबद्दलचं मत वाईट होतं. आता त्या ६३ टक्क्यांतला एकही कुठे सापडत नाही. सगळे पहिल्यापासून त्यांच्याच बाजूने होते.

मुलांनी विचारलं की किंग मेम्फिसला, जिथे त्यांचा खून झाला तिथे, कशाला गेले होते, तर त्यांच्या हातात तिळाची वडी द्या. कचरा उचलणाऱ्यांच्या संपाला गेले होते, असं सांगत बसू नका. १ फेब्रुवारी १९६८ ला एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कामगार पावसापासून आडोशाला कचऱ्याच्या गाडीत शिरले आणि तिच्या यंत्रात चिरडून मेले. मग सुमारे तेराशे कामगार संपावर गेले. गळ्यात पाटी, ‘मी माणूस आहे’. चवदार तळ्याच्या मुलखातून आलेल्याला हे वाक्य ओळखीचं वाटेल. वाटलं तरी कार्यक्रमात बोलून दाखवू नका, मंडळ ‘सर्वसमावेशक’ आहे.

जाहिरातीसाठी मात्र किंग खुशाल वापरा. २०१८ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, एका ट्रकच्या जाहिरातीत त्यांचा आवाज वाजला. ज्या प्रवचनातला तो आवाज, ते बरोब्बर पन्नास वर्षांपूर्वीचं, ४ फेब्रुवारी १९६८ चं. आणि त्याच प्रवचनात त्यांनी ऐपतीबाहेरच्या गाड्या घेणाऱ्यांची आणि गळ घालणाऱ्या जाहिरातवाल्यांची हजेरी घेतली होती.

आता घरांचं. हे नीट ऐका, कारण खरी फजिती माझी इथेच झाली.

आमच्या टाउनशिपमध्ये, म्हणजे गावात, मराठी किराण्याच्या मागच्या मोकळ्या जागेत, स्वस्त भाड्याचे फ्लॅट बांधायचं घाटतंय. न्यू जर्सीत ही भानगड माउंट लॉरेल गावापासून सुरू झाली. तिथे पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या काळ्या कुटुंबांना छत्तीस घरं हवी होती. गावाने नाही म्हटलं. परवडत नसेल तर गाव सोडा, असं ऐकवलं. एथेल लॉरेन्स नावाची बाई त्यावर कोर्टात गेली आणि १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कमी उत्पन्नाच्या माणसांना जागा देणं प्रत्येक वाढत्या गावाच्या वाट्याला आलेलं कर्तव्य आहे. बस्स, एवढंच. पण किंगजयंतीच्या सकाळी आमच्या ग्रुपवर साडेआठला किंग यांचा काळा-पांढरा फोटो आला, खाली हात जोडलेले सतरा. आणि नऊ वाजून दहा मिनिटांनी, त्याच माणसाकडून, त्या फ्लॅट्सविरुद्धचा अर्ज. ‘सह्या करा, पुढे पाठवा. शाळेचं रेटिंग घसरेल. कसले कसले लोक येतील.’ फोटोला सतरा हात आणि अर्जाला चौऱ्याऐंशी सह्या! कसले कसले म्हणजे कसले हो? तुमच्या आईला डे-केअरमध्ये हाताला धरून बाथरूमला नेते ती? शाळेच्या बसवाला? की तुम्ही घरात कुजबुजत ज्यांना ‘कल्लू’ म्हणता ते? ट्रॅफिकचं कारण सांगू नका, गेल्या वर्षी त्याच रस्त्यावर दहा-दहा लाख डॉलरची टाउनहाउसं झाली तेव्हा ट्रॅफिक कुठे गेला होता? तेव्हा तर तुम्ही बुकिंगच्या रांगेत होता, आणि पेढे मलाही मिळाले होते.

किंग १९६६ मध्ये शिकागोच्या गरीब वस्तीत भाड्याने खोली घेऊन राहिले, ते ह्याच प्रश्नासाठी. ५ ऑगस्टला तिथल्या मार्केट (Marquette) पार्कमध्ये मोर्चा नेला तेव्हा डोक्यात दगड बसून गुडघ्यावर आले. दक्षिणेतही इतका द्वेष पाहिला नाही, असं ते नंतर म्हणाले. दगड मारणारे कोण होते? आपल्या भागाची किंमत पडू नये एवढीच इच्छा असलेली घरमालक मंडळी. घर देता-घेताना भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा ११ एप्रिल १९६८ ला झाला, त्यांचा खून होऊन आठवडा झाल्यावर. आज तुम्हाला हवं त्या गल्लीत घर घेता येतं ते त्या कायद्याच्या जोरावर. तुमच्या मॉर्गेजच्या पहिल्या हप्त्याआधी कोणीतरी डोक्यात दगड खाल्लाय.

आणि ते ‘आम्ही मेरिटवर आलो’ पुरे करा. १९६५ पर्यंत अमेरिकेत स्थायिक व्हायला भारतीयांचा कोटा वर्षाला शंभरचा होता. तो गेला तो नागरी हक्कांच्या लढ्याने देशाची हवा बदलली म्हणून, काळ्यांच्या मतदान हक्काचा, व्होटिंग राइट्स कायदा झाला त्याच वर्षी. १९६५ च्या आधीही आयआयटीत हुशार मुलं होतीच की!

मला अजून काही विनोदी सुचत होतं, पण आता राग आलाय. तुम्हाला किंग नकोच आहेत. पगारी सुट्टी हवी आहे आणि भांडण न करणारा एक मेलेला माणूस हवा आहे. मुंबईत १९७२ साली काही पोरांनी अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर या लढाऊ संघटनेचं नाव घेऊन दलित पँथर काढली. ती पोरं कामाठीपुऱ्यातल्या, वडाळ्याच्या वस्त्यांतली, विमान जवळून न पाहिलेली, आणि त्यांना इथल्या काळ्या माणसाचं दुखणं कळलं. तुम्ही त्याच्या शेजारी राहता. ऑफिसात त्याच्या बरोबर जेवता. त्याची पोरं तुमच्या पोरांच्या शाळेत येतील म्हणून सह्या गोळा करता. लाज वाटायला हवी. मलाही, कारण स्टेजवर मी कापलेलाच मजकूर वाचला आणि खाली येऊन गुळाची पोळी खाल्ली.

मंगळवारी साडेसातला टाउनशिपच्या कचेरीत त्या फ्लॅट्सची सुनावणी आहे. कोणालाही बोलता येतं. तिथेही तीनच मिनिटं देतात, पण मजकूर आधी मागत नाहीत.