'घेतो' आणि 'ढोसतो'

आपल्याकडे दारूची क्रियापदंसुद्धा माणूस बघून बदलतात. साहेब 'घेतात'. कॉलेजातली पोरं 'बसतात'. आणि गवंड्याच्या हाताखालचा बिगारी 'ढोसतो'. बाटलीत तेच असतं, पण पहिल्याला शौकीन म्हणतात आणि तिसऱ्याला बेवडा.

माझा धाकटा काका ढोसणाऱ्यांतला. ४४व्या वर्षी गेला. दहाव्याला आलेल्या प्रत्येकाला आजी सांगत होती, कावीळ झाली होती. ते खोटं नव्हतं, शेवटी त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. पण ती कावीळ कशाने झाली हे घरात कुणी तोंडातून काढलं नाही. आजही काढत नाही. म्हणून आज मी लिहितेय.

काकाला उपचार मिळाले नाहीत असं नाही. त्याला 'उपाय' मिळाले. माळ घातली, शपथ घातली, अंगारे झाले. एकदा तर थोरल्यांनी ठरवलं की खोलीत कोंडलं की आपोआप सुटेल. दुसऱ्या रात्री त्याचे हात इतके थरथरत होते की तांब्यातलं पाणी अंगावर सांडत होतं. भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणून ओरडत होता. पहाटे फिट आली. बाहेर ओट्यावर बसलेली माणसं म्हणत होती, नाटकं करतोय. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर जीवही जाऊ शकतो, ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचं असतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. विचारणार कुणाला? विचारायचं म्हणजे घरातली गोष्ट बाहेर काढायची.

आणि सगळा बोल काकूवर. "बायको खमकी असती तर सुधारला असता." हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या जणींच्या बाबतीत ऐकलंय की आता ऐकलं की अंगाची लाही होते. पिणारा एक, आणि मान खाली घालून पाणी भरायला जाणारी दुसरीच.

काकू स्वतः मशेरी लावायची. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, बारीक करायची, डबीत भरायची. सकाळी मशेरी मिळाली नाही की तिचं डोकं चढायचं, कामात लक्ष लागायचं नाही. पण तिला कुणी व्यसनी म्हटलं नाही. तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे समाज शरीराचं नुकसान मोजून शिक्का मारत नाही. चारचौघांत तोल गेला, घराची अब्रू गेली, की शिक्का बसतो. तोही ज्याच्याकडे बंद दाराआड प्यायला खोली नाही त्याच्यावर आधी.

कायद्यातही हीच ओढाताण आहे. १९४९ सालच्या दारूबंदी कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात आजही दारू प्यायला परवाना लागतो. किती जणांकडे असतो, आपापल्या मित्रांना विचारा. त्या कायद्याच्या नजरेत माझा काका गुन्हेगार. २०१७चा मानसिक आरोग्य कायदा मात्र दारू आणि मादक पदार्थांमुळे होणारे मनाचे आजार हे आजारच मानतो. त्या कायद्याच्या नजरेत तो रुग्ण, उपचारांचा हक्क असलेला. गावाने आणि पोलिसांनी पहिला कायदा तेवढा लक्षात ठेवलाय.

वाट नव्हती असंही नाही. १९८६ सालापासून पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते उभं केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंनी पाठबळ दिलं. आमच्या गावापासून एसटीने काही तासांवर. मला त्याचा पत्ता लागला तेव्हा काकाला जाऊन दोन वर्षं झाली होती. नंतर मी एका ओळखीच्यांबरोबर अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायच्या गटाच्या, खुल्या सभेला गेले. माणूस उभा राहतो, फक्त पहिलं नाव सांगतो, म्हणतो मी दारुडा आहे, आणि समोरचे मान हलवतात. कुणी नजर चोरत नाही. मी तिथे बसून रडले. तोच शब्द, ज्याने आमचं घर मिटून गेलं होतं.

मी दारूबंदीच्या विरोधात नाही. गडचिरोलीत १९९३मध्ये बंदी झाली ती लोकांच्या, विशेषतः बायकांच्या रेट्यामुळे. चंद्रपुरात २०१५ला झाली आणि २०२१मध्ये उठवली गेली. चोरटी दारू येते हे कारण दिलं गेलं. चोरटी दारू येते हे खरंच आहे. पण मग ज्या बायकांनी बंदीसाठी पायपीट केली होती, त्यांचं काय, हा प्रश्न मला त्याहून मोठा वाटतो.

आमच्या गावातही बायकांचं आडवी बाटली-उभी बाटलीचं मतदान झालं. आडवी म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू. काका गेल्यावर चौथ्या वर्षी. देशीचं दुकान शाळेच्या रस्त्यावर. सह्या गोळा करायला काकू दारोदार फिरली. जिने नवऱ्याचं नाव काढलं की मान खाली घालायची, ती परक्या ओट्यावर उभी राहून सांगत होती, "माझा दारूनंच गेला." बारा वर्षांच्या संसारात आणि चार वर्षांच्या वैधव्यात पहिल्यांदा.

मतं पडली त्यात आडव्या बाटलीला कितीतरी जास्त होती. तरी दुकान बंद झालं नाही. कारण नुसतं बहुमत चालत नाही, यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. आमदार होण्यासाठी अशी अट नाही. यादीत मेलेल्या होत्या, ऊसतोडीला गेलेल्या होत्या, लग्न होऊन गेलेल्या माहेरवाशिणी होत्या. जी आली नाही, तिचं मत जणू उभ्या बाटलीलाच.

तीसेक मतं कमी पडली. संध्याकाळी काकूचा फोन आला. रागावली नव्हती. म्हणाली, "तुझं नाव अजून इथल्याच यादीत आहे गं. मी पाहिलं."

मी त्या दिवशी पुण्यात होते. ऑफिसला गेले होते.